मंत्र्यांनी पाणी प्यायलं तेव्हा

आदिलाबादच्या बसस्टँडवर सीताफळांची टोपली घेतलेल्या एका बाईचं कोपर खुशालच्या कोपराला लागलं, आणि त्याच्या तोंडून, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात वाक्य बाहेर पडलं : या गावात कोणी मेलं नाही.

बाई थबकली. तिनं टोपली सावरली, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग मी कुठं म्हनलं मेलं मनून?" ती म्हणाली, आणि सीताफळं विकायला गाडीकडे निघून गेली.

बाकावरचे दोघंतिघं हसले. खुशालही हसला, कारण अशा वेळी माणसाला दुसरं काही सुचत नाही. मग त्याच्या लक्षात आलं की आपलं तोंड अजून उघडंच आहे. पुढचं वाक्य यायचं आहे असं समजून ते वाट पाहत होतं.

कार्तिकातली दुपार होती. कापसाच्या दिवसांत या गावाच्या हवेत तंतू तरंगत असतात. जिनिंगच्या शेडमधून सुटतात, गाड्यांवरून उडतात, कुणाच्या भुवईवर बसतात, कुणाच्या चहात. त्या पांढुरक्या, विरळ हवेत सगळंच थोडं उशिरा घडल्यासारखं वाटतं. हमालानं कापसाची गठाण टाकलेली दिसते आणि धप्प असा आवाज मागाहून येतो. परवाच्या सभेपासून खुशालला स्वतःबद्दलही तसंच वाटत होतं. आधी आवाज जातो, आपण मागाहून पोचतो.

तो आला होता पेपर घ्यायला. नागपूरच्या मराठी पेपरचा गठ्ठा महाराष्ट्राच्या लाल बसमधून यायचा आणि स्टॉलवाला तो सोडून तामसीचे, भीमपूरचे, गावोगावचे छोटे गठ्ठे करून ठेवायचा. आज ते छोटे गठ्ठे सुतळीसकट तसेच पडले होते. कालचेही होते. त्यांच्यावर कापूस बसला होता. खुशालनं विचारलं तेव्हा स्टॉलवाला म्हणाला की तिकडचे लोक पेपर घ्यायला तयार नाहीत, मंत्र्याच्या सभेत सांगितलं म्हणे, घेऊ नका.

"कोनी सांगितलं?"

"तुमीच की," स्टॉलवाला म्हणाला, आणि सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवले. त्याच्या म्हणण्यात राग नव्हता. उलट थोडं कौतुक होतं. "आमचा भाचा होता सभेत. म्हने, सर काय बोलले, सर काय बोलले. मंत्र्याचं नावच नाई त्याच्या तोंडात."

(कोपर.)

हे असं लिहायला हवं, कंसात, कारण त्या दिवशी प्रत्येक चार वाक्यांनंतर ते आलं होतं. मंत्री हैदराबादहून आलेले, बोलणार तेलुगूत. सीमेवरच्या गावांतली माणसं मराठी. म्हणून जीपमध्ये एक दुभाषी. मंत्री चार वाक्यं बोलायचे आणि आपल्या कोपरानं खुशालच्या डाव्या कोपराला हलकेच स्पर्श करायचे, की खुशालनं तीच चार वाक्यं मराठीत म्हणायची. 'मंत्री म्हणतात' असं मध्ये घालायचं नाही. त्यानं सभा थंड पडते, असं सभा भरवणाऱ्या व्यंकटराव वकिलांनी आधीच बजावलं होतं. मी म्हणजे मंत्री. माझं सरकार म्हणजे मंत्र्यांचं सरकार. पहिल्या गावात ते अवघड गेलं, दुसऱ्या गावात जमलं, आणि ऊन उतरता उतरता अशी लय लागली की कोपर लागायच्या आत जीभ हलायला लागायची. बैलाला वळण ठाऊक असतं तशी.

खुशालचा धंदा टायपिंगचा. व्यंकटरावांच्याच माडीवर त्याची इन्स्टिट्यूट होती. इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशी तीन भाषांची यंत्रं होती आणि परीक्षेच्या दिवसांत तिन्ही एकदम चालली की खाली वकिलांची पक्षकार मंडळी डोकं धरून बसायची. त्याखेरीज तो त्या नागपूरच्या पेपरचा इथला वार्ताहर होता. त्याचं नाव कधी छापून आलं नव्हतं. 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच असायचं, आणि ते त्याला आवडायचंही. त्या दोन शब्दांच्या आड बसून जिल्हा बघता यायचा, चिकाच्या पडद्यामागून रस्ता बघावा तसा.

भादव्यात त्या दोन शब्दांनी एक बातमी दिली होती. तामसीकडच्या बोरझरी गावात हगवणीनं तीन माणसं गेली. विहीर नाल्याला लागून, पूर आला की नाला विहिरीत. हातपंपासाठी गावानं दोन पावसाळे दरख्वास्ती दिलेल्या. खुशाल बसनं तामसीपर्यंत आणि पुढे चिखलातून चालत गेला होता. मनकर्णा नावाच्या एका म्हातारीच्या ओट्यावर बसून त्यानं बिनदुधाचा चहा घेतला होता. पाणी उकळून, बरं का सर, तिनं दोनदा सांगितलं होतं. मरणाऱ्यांत तिची सून होती. बातमी आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात आली. तेवढीशी बातमी कुणीतरी कापून, तेलुगूत करून मंत्र्यांपर्यंत पोचवली.

त्या जीपमध्ये, मंत्र्यांच्या शेजारी, ती बातमी लिहिणारा बसला होता. मंत्र्यांना ठाऊक नव्हतं. व्यंकटरावांना असावं. त्यांनी विषय काढला नाही, खुशालनंही नाही. जीपमध्ये वेलदोड्याचा वास होता. मंत्री मृदू माणूस. खुशालला 'खुशालगारू' म्हणायचे, खिडकीकडची जागा द्यायचे. पेपरांविषयी ते प्रत्येक गावात बोलले आणि प्रत्येक गावात सुरुवात एकच होती. मी कुठल्या पेपरवर बंदी घालायला आलेलो नाही. पेपरला लिहिण्याचं स्वातंत्र्य आहे, माझा त्याला पाठिंबा आहे. पण मलाही तोंड आहे की नाही? मलाही टीका करायचं स्वातंत्र्य आहे की नाही? (कोपर.) हे पेपर दुसऱ्या राज्यातून, दुसऱ्या राज्याच्या बसमधून येतात. त्यांना तुमच्या गावाचं काय? तुमच्या गावाचं नाव खराब करतात, मग तुमच्या पोरींना स्थळं कुठून येणार? (कोपर.) घ्यायचा की नाही तुम्ही ठरवा. मी काही सांगत नाही.

खोटं काय होतं त्यात? खुशाल तेव्हाही शोधत होता, आताही, पेपर काखेत धरून बसस्टँडबाहेर पडताना, शोधत होता. माणसाला टीका करता येते. मंत्र्यालाही येते. पेपर काही देव नव्हे. धमकी नव्हती, शिवी नव्हती, आवाजही चढला नव्हता. तरी प्रत्येक गावात ती वाक्यं मराठीत करताना त्याला वाटायचं की आपण एक गोधडी घडी घालून घडी घालून लहान करतो आहोत, आणि आत कुणीतरी झोपलेलं आहे.

आणि हसू. त्याची आठवण आली की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. मंत्री एका गावात म्हणाले की हे पेपर निरुपयोगी आहेत. तेलुगूत ते वाक्य कोरडं होतं. खुशालनं मराठीत म्हटलं, "या पेपरात भजे बांधले तं भजेयी खोटे लागते." मांडव हसला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मंत्र्यांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं, आणि पुढच्या गावात ते स्वतःच तेलुगूत भज्यांचं बोलले. भजी खुशालची होती. ते हसू अंगावर आलं तेव्हा कुणी पाठीवर ऊन पाणी ओतावं तसं वाटलं होतं. नाही कसं म्हणायचं?

आता तो कापूस बाजाराच्या भिंतीकडेनं चालला होता. बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, गाडीवान गाड्यांखाली झोपलेले. पायाखाली कापसाचा मऊ थर. इथे चालताना स्वतःची पावलं ऐकू येत नाहीत.

बोरझरीत असं झालं.

मंत्री बोलत होते, 'ई ऊरिलो', या गावात, आणि त्यांचा घसा बसला. त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे हात केला. हात जाताना कोपर खुशालच्या कोपराला लागलं. खुशाल म्हणाला, "या गावात कोणी मेलं नाही." मंत्री पाणी पीत होते.

नाही, असं झालं नाही. मंत्री म्हणाले, या गावात कोणी मेलेलं नाही, तेलुगूत, हळू, ग्लासात तोंड घालता घालता, आणि फक्त खुशालला ऐकू आलं. त्यानं नेहमीसारखं मराठी केलं. बस.

नाही. त्यानं काल रात्रभर हे दुसरं खरं मानून पाहिलं होतं. मंत्र्यांचे ओठ आठवून पाहिले. ओठ काचेला लागलेले. काचेमागे पाणी हललं, दाढी न झालेला गळा वर-खाली झाला, एकदा, दोनदा. पाणी पिणारा माणूस बोलू शकत नाही. कोपर लागलं होतं ते ग्लासासाठी. वाक्य मंत्र्यांचं नव्हतं. ते खुशालच्या आत तयार होऊन बसलेलं होतं, कोपराची वाट बघत. मंत्री पुढे जे बोलतील असं त्याला वाटलं ते त्यानं आधीच बोलून टाकलं. त्यांना तसदी पडू नये म्हणून. आणि कदाचित ते म्हणणारही नव्हते. कदाचित ते म्हणणार होते, या गावात फार दुःख झालं. या गावात पंप येईल. 'ई ऊरिलो'नंतर काहीही येऊ शकलं असतं. जगातलं काहीही. आलं ते खुशालचं आलं.

मंत्र्यांनी ग्लास खाली ठेवला. खुशालकडे पाहिलं. मराठी थोडंफार त्यांना समजत असावं. त्यांनी मान हलवली, 'बागुंदी' म्हणाले, छान, आणि पुढे रस्त्यांविषयी बोलू लागले. मंचावरून उतरताना व्यंकटरावांनी खुशालच्या खांद्यावर हात ठेवला होता. "मंत्रीसाहेबांच्या मनातलं बोललास," ते म्हणाले होते.

मांडवाच्या मागे, चिंचेखाली, मनकर्णा बसली होती. तिनं हात जोडले नाहीत, मान वळवली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिची नजर रागाची असती तर त्याला परवडलं असतं. ती नजर विचारात पडलेल्या माणसाची होती.

खुशालचा बाप महिपत भीमपूरकडच्या गावात दवंडी द्यायचा. निजामाच्या वेळेपासूनचं काम, घराण्याकडे चालत आलेलं. दिवेलागणीला पाटील ओट्यावर बसून हळू आवाजात काय ते सांगे, आणि बाप डफावर टिपरी मारत वस्तीच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर ते मोठ्यानं म्हणे. लेव्हीचं धान्य उद्या. गुरं कोंडवाड्यात. लहानगा खुशाल मागून चाले. बापाचा आवाज कापसाच्या पळाट्यांवरून पार नदीकडे जाई आणि पोराला वाटे हा आवाज आपल्या घरातला आहे, घरी निजतो, भाकर खातो. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बाया बापाला शिव्या देत. लेव्ही जणू त्यानंच लावली होती.  बाप घरी येऊन तांब्याभर पाणी पिई.

मग ते वर्ष आलं. माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन परतली, आणि त्याच महिन्याभरात जिल्हा नव्या राज्यात गेला. पाटलानं बापाला बोलावून काहीतरी सांगितलं. बाप चावडीपुढे उभा राहिला. टिपरी मारली. बाया पीठभरल्या हातांनी दारात आल्या, म्हातारे कान पुढे करून उभे राहिले. बापानं पुन्हा टिपरी मारली. सगळं गाव वाट बघत होतं. बाप नुसता उभा. त्याची छाती भरून आलेली दिसत होती, आवाज तिथपर्यंत आला होता, पण तोंड मिटलेलं. किती वेळ तसा उभा होता कोण जाणे. मग त्यानं डफ पाटलाच्या ओट्यावर ठेवला आणि पोराचा हात धरून घरी आला. त्यानंतर गावात दुसरा कोणी दवंडी द्यायला मिळाला नाही, आणि सरकारचे हुकूम कागदावर येऊ लागले.

खुशालला ती चेहऱ्यांची रांग अजून दिसते. ऐकायला तयार झालेले, रिकामे चेहरे. परवा माईकपुढून तेच चेहरे दिसले होते, तसेच, कान पुढे केलेले.

(कोपर.)

काल त्यानं चंद्रभागेला सांगितलं होतं. त्याची बायको, शाळेत मास्तरीण, चुलीपुढे बसून मुलींच्या वह्या तपासत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, वही बाजूला ठेवली.

"मान हलवली ना त्यानं?"

"हलवली."

"मंग अर्धं वाक्य त्याचं."

"अर्धं वाक्य कसं छापाचं?"

"ते तुमाले मालूम. पेपरवाले तुमी." मग भाकर परतत ती म्हणाली, "भजे माह्याच घरचे होते वाटते. दिवाळीत म्याच म्हनलं होतं तसं. तुमच्या पेपराले."

अर्धं वाक्य त्याचं. दिवसभर खुशाल त्या अर्ध्या वाक्याशी खेळत होता. कारण आज सकाळी नागपूरहून यशवंतरावांचा निरोप आला होता, वकिलांच्या फोनवर. यशवंतराव पेपरच्या कचेरीत बातम्या घेणारे. वणीच्या वार्ताहराकडून त्यांना कळलं होतं की मंत्री बोरझरीत, जिथं तीन माणसं मेली त्याच गावात उभं राहून, कोणी मेलं नाही म्हणाले. पहिल्या पानावर घेतो, संध्याकाळी फोनवर सविस्तर सांगा. खुशालनं ते चित्र मनात रंगवून पाहिलं. मोठा मथळा. हैदराबादला गदारोळ. आठ दिवसांत बोरझरीला पंप. सगळं भलं. फक्त एक वाक्य त्याच्या तोंडातून काढून मंत्र्यांच्या तोंडात ठेवायचं. तीन माणसांसाठी एवढंसं. मंत्र्यांनी नाकारलं तर कोण विश्वास ठेवणार होतं? आणि मग त्याला, कापसासारखं हळू, वरून खाली येत जाणवलं : मंत्री गावोगाव हेच सांगून गेले की हा पेपर खोटं लिहितो. आपण ही बातमी दिली की तो पहिल्यांदाच खोटं लिहील. त्यांचं म्हणणं खरं करायला त्यांचा दुभाषीच लागणार होता.

माडीवर तिन्ही यंत्रं चालू होती. दाराजवळच्या बाकावर मनकर्णा बसली होती.

मांडीवर गाठोडं, पाय बाकाखाली ओढून घेतलेले. यंत्रांकडे बघत होती. तो आला तशी ती उठायला लागली, त्यानं बस म्हटलं, ती बसली. म्हणाली, तामसीच्या गाडीनं आली, मंडळाच्या, म्हणजे तालुक्याच्या, कचेरीत गेली होती पंपाचं विचारायला. तिथला साहेब म्हणाला, पंप आता कशाला? तुमच्याच गावच्या सभेत जाहीर झालं ना, कोणी मेलं नाही. यादीतून काढलं गाव.

खुशालला वाटलं आता ती विचारेल. तिनं विचारलं नाही. तिनं त्यालाच कचेरीत चला म्हटलं.

"तुमचा आवाज लय चांगला हाये सर. मांगं चिचेखाली होती मी, तिथवर आयकू आला. तेलगूतलं मले काई समजत नाई. तुमी म्हनलं तेवढं समजलं."

यंत्रं चालू होती. तेलुगूच्या यंत्राची घंटी वाजली, ओळ संपली.

"म्या म्हनलं," ती म्हणाली, सहज, शेजारणीला सांगावं तसं, "सर तं आपल्या घरी चहा पेऊन गेले. त्यायले समदं मालूम. ते म्हनते मंजे काईतरी असंल. घरी गेली न् सुनेचं, जयवंताचं लुगडं पायलं. वासावर टाकून असते. हाये तिथंच." तिनं गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा मारली. "मंग गेलीच मनाव ते."

खुशाल उभा होता. त्याला पाणी हवं होतं. मडकं कोपऱ्यात होतं, पेला मडक्यावर उपडा, आणि तिथपर्यंत जाणं फार लांबचं वाटत होतं, मधे कापसाचं शेत असल्यासारखं. जिच्या हातांनी सुनेला न्हाऊ घालून पोचवलं त्या बाईनं घरी जाऊन वासा तपासला. मंत्र्यांच्या शब्दांत ही ताकद नव्हती. ते तिला समजलेच नव्हते. मंत्र्यांनी फक्त टीका केली होती, सगळ्यांदेखत, हसतमुख, हक्कानं. बाकीचं सगळं इथल्या माणसांनी, इथल्या भाषेत, आपापल्या खुशीनं पुरं केलं होतं. स्टॉलवाल्यानं, त्याच्या भाच्यानं, कचेरीतल्या साहेबानं. आणि सगळ्यांच्या आधी त्यानं.

"मनकर्णाबाई," तो म्हणाला, "ते मंत्र्यानं नव्हतं म्हनलं. म्याच म्हनलं."

तिनं गाठोडं बाजूला ठेवलं.

"काऊन?"

का, एवढंच तिनं विचारलं होतं.

कचेरीची वेळ टळून गेली होती, आणि तिची परतीची गाडी होती. तो तिला पोचवायला निघाला, की ती त्याला, हे सांगता येणार नाही. दोघं कापसातून चालत होते. ती एकदाच बोलली, की शहरात चालताना घसा खवखवते. बसस्टँडच्या तोंडाशीच फोनचा काचेचा बूथ होता. उन्हं कलली होती, काच पिवळी झाली होती. तामसीची गाडी लागली होती, मनकर्णा तिकडे गेली आणि तो आत शिरला. दार लावून घेतलं.

नागपूर लवकर लागलं, पण लाईन वाईट होती. समुद्र कधी न पाहिलेल्या माणसाला समुद्र वाटावा असा आवाज येत होता. त्याच्या तळाशी यशवंतराव.

"बोला खुशालराव. जोरात बोला, ऐकू येत नाही."

त्यानं रिसीव्हर मान आणि खांद्यात दाबला आणि उजव्या हातानं स्वतःचं डावं कोपर घट्ट धरलं.

"लिहून घ्या. बोरझरीच्या सभेत, या गावात कोणी मेलं नाही, असं मराठीतून सांगण्यात आलं."

"मंत्र्यांनी."

"नाही. मंत्री पाणी पीत होते."

"काय?"

"पाणी!" तो ओरडला. "मंत्री पाणी पीत होते. ते वाक्य मंत्र्यांचं नाही. दुभाष्याचं आहे. मंत्र्यांनी नंतर मान हलवली. दोन्ही लिहा."

बाहेर बाकावरची माणसं वळून बघू लागली होती.  मग यशवंतरावांनी विचारलं की दुभाषी कोण, आणि खुशालनं सांगितलं. आपलं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्या तारेवरून जात होतं. दुभाषी या पेपरचाच वार्ताहर आहे, हेही लिहा म्हणाला. भादव्यातली बातमी त्यानंच दिली होती, ती खरी होती.

यशवंतराव वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, असं छापलं तर मंत्री हसतील, मालक तुम्हाला काढतील, आणि लोक म्हणतील यांचेच लोक असे. न छापता येण्याजोगी बातमी आहे ही. नुसती मंत्र्यांची मान छापू का?

"तुम्ही ठरवा," खुशाल म्हणाला. आणि हे मंत्र्यांचंच वाक्य आहे हे त्याला कळलं, आणि तो घाईघाईनं म्हणाला, "नाही. सगळं छापा. नाही छापलं तरी लिहून घ्या. आता मेलेल्यांची नावं सांगतो. मागच्या वेळी नावं गाळली होती तुम्ही."

"जागा नव्हती. सांगा. जोरात."

तो थांबला. सवयीनं. वाक्य आणि वाक्य यांच्यामध्ये ती एक जागा असते. बूथमध्ये दुसरं कोणी नव्हतं. कोपर त्याच्या स्वतःच्या मुठीत होतं. छाती भरून आली, आवाज वरपर्यंत आला, आणि त्याला चावडीपुढे उभा असलेला बाप दिसला, तोंड मिटलेला. एवढ्या जवळून कधी दिसला नव्हता.

"जयवंता," तो म्हणाला.

"काय वंता?"

"जयवंता!"

काच थरथरली. सगळा बसस्टँड बघत होता. सीताफळवाली टोपली खाली ठेवून उभी होती. तामसीच्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवलेली मनकर्णा थांबली. कंडक्टर तिला आत ढकलायला बघत होता, ती हलेना.

"उकंडा! म्हातारा माणूस. उकंडा!"

"घेतलं. तिसरं?"

"चंपतची पोरगी. तान्ही."

"नाव?"

"ठेवलं नव्हतं."

"मग नाव नाही म्हणून लिहितो."

खुशालनं बूथचं दार उघडलं. कापूस आत आला. गाडी सुरू झालेली होती, इंजिन धडधडत होतं.

"मनकर्णाबाई," त्यानं सगळ्या बसस्टँडवरून हाक मारली, "चंपतच्या पोरीले घरी काय म्हनत?"

मनकर्णानं पायरीवरचा पाय खाली घेतला. गाठोडं छातीशी धरलं. हा आवाज तिच्यात असेल असं कुणाला वाटलं नसतं. तिला स्वतःलाही वाटलं नसावं.

"सोनी! सोनी म्हनत तिले!"

खुशालनं तोंड रिसीव्हरकडे वळवलं आणि तिनं म्हटलं तसंच, तेवढ्याच मोठ्यानं, आपलं एक अक्षरही न लावता, पुढे सांगितलं.